नसेच्या वाटेनं चढणारा कॅन्सर: डोक्या-मानेचा एमआरआय वाचायला बसताना

कागल तालुक्यातले एक आजोबा होते. खालच्या ओठावरची गाठ दोन वर्षांपूर्वी काढलेली. मी तेव्हा ज्या सेंटरवर बसायचो तिथं आलेल्या फॉर्मवर एवढंच लिहिलं होतं, ‘मानेत गाठी आहेत का पाहा.’ मी पाहिलं, गाठी नव्हत्या, तसं लिहून दिलं. सात महिन्यांनी आजोबा परत आले तेव्हा डावा जबडा चालत नव्हता, डावी कानशील खोल गेली होती. नव्या स्कॅनमध्ये डावं फोरामेन ओव्हेल (कवटीच्या तळातलं, जबड्याची नस जिथून जाते ते छिद्र) रुंद झालेलं आणि त्याच्या वरची मेकेल्स केव्ह, म्हणजे कवटीच्या आतली त्या नसेची पोकळी, गाठीनं भरलेली. मी जुना स्कॅन काढून शेजारी लावला. जबड्याच्या हाडाच्या आतल्या अंगाला, नस जिथं हाडात शिरते तिथं, चरबीचा एक पांढरा ठिपका असतो. उजवीकडे होता. डावीकडे नव्हता. सात महिन्यांपूर्वीसुद्धा नव्हता.

आजोबांना विचारलं तर म्हणाले, “हनुवटी तवापासनंच बधिर हाय की. दाढी करताना वस्तरा लागून रगात आलं तरी कळायचं न्हाई. पर कुणी इचारलंच न्हाई.”

हा लेख त्या न विचारलेल्या प्रश्नासाठी आणि त्या न पाहिलेल्या ठिपक्यासाठी आहे. रेडिओलॉजीत नुकतेच आलेले निवासी डॉक्टर, ईएनटी आणि तोंडाच्या सर्जरीचे विद्यार्थी, एमआरआय चालवणारे टेक्निशियन, सगळ्यांनी वाचावा. तुम्ही कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात असा नाहीतर राजारामपुरीतल्या एखाद्या सेंटरवर, पायऱ्या त्याच.

आधी शब्द नीट करून घ्या

बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये ‘पेरिन्युरल इन्व्हेजन’ असं येतं. ते पॅथॉलॉजिस्टला सूक्ष्मदर्शकाखाली दिसलेलं असतं: गाठीतल्या किंवा गाठीलगतच्या बारीक नसांना कॅन्सरच्या पेशींनी घेरलंय. आपल्याला स्कॅनवर दिसतो तो ‘पेरिन्युरल स्प्रेड’, म्हणजे रोग मूळ जागा सोडून, नाव असलेल्या मोठ्या नसेवरून लांब गेलाय. पहिलं आहे म्हणून दुसरं असेलच असं नाही. पण पहिलं लिहिलेलं दिसलं की खुर्ची पुढं ओढून बसायचं.

नातेवाइकांशी बोलताना आणखी एक काळजी घ्या. आपल्याकडे ‘नस’ म्हटलं की निम्म्या लोकांना रक्ताची शीर वाटते. “नसेतनं पसरलाय” म्हटलं की त्यांना वाटतं रक्तातनं अंगभर गेला. ‘स्पर्श कळवणारी नस, रक्ताची नव्हे’ एवढं एक वाक्य जोडलं तर घरी जाऊन होणारी रडारड वाचते.

या वाटेनं जाण्यात सगळ्यांत कुप्रसिद्ध गाठ म्हणजे अ‍ॅडिनॉइड सिस्टिक कार्सिनोमा. टाळूतल्या बारीक लाळग्रंथींतून किंवा पॅरोटिडमधून (कानापुढच्या मोठ्या लाळग्रंथीतून) येते, हळू वाढते आणि नस सोडत नाही. पण रोजच्या कामात तुमच्यासमोर जास्त येणार तो स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, कारण तोच आपल्याकडे भरपूर आहे. तंबाखू, मावा, बायकांची मिसरी. राज्यात २०१२ पासून गुटख्याला बंदी आहे, तरी आतून पांढरे आणि कडक पडलेले गाल अजून ओपीडीत येतच असतात. अशा रुग्णाचं तोंड दोन बोटंसुद्धा उघडत नाही, सर्जनला आत नीट बघता येत नाही, आणि मग सगळी भिस्त आपल्या स्कॅनवर येते. मेलॅनोमाचा डेस्मोप्लास्टिक प्रकार, लिम्फोमा, चेहऱ्याच्या कातडीचे कॅन्सर हेही नसेवरून जातात.

पहिली पायरी: मशिनकडे जाण्याआधी माणसाकडे जा

फॉर्मवर विसंबू नका. रुग्ण बाहेर बाकावर बसलेला असतो, दोन मिनिटं पुरतात. तीन गोष्टी विचारा: कुठं बधिर आहे का, मुंग्या किंवा किडे फिरल्यासारखं वाटतं का, चेहऱ्याची एक बाजू हलत नाही का. “दुखतंय का?” या प्रश्नावर माणसं दाढदुखी सांगतात. “जेवताना घास गालात अडकतो का, अन् कळत नाही असं होतं का?” असं विचारलं की खरी गोष्ट निघते.

मग कापसाचा बोळा घ्या. कपाळ, गाल, हनुवटी, डावी-उजवी. चेहऱ्याचा स्पर्श कळवणाऱ्या ट्रायजेमिनल नसेच्या तीन फांद्या याच तीन पट्ट्यांत पोहोचतात. हनुवटी बधिर असेल तर तिसरी फांदी, गाल आणि वरचा ओठ बधिर असेल तर दुसरी, कपाळ असेल तर पहिली. दातावर दात दाबायला सांगा आणि कानशिलावर हात ठेवून स्नायू आवळतो का बघा.

तोंड वाकडं झालेल्या रुग्णाची फाइल ‘बेल्स पाल्सी’ म्हणून आली असेल तर कधीपासून ते विचारा. बेल्स पाल्सी झटकन येते, एक-दोन दिवसांत पूर्ण होते आणि बहुतेकांत काही आठवड्यांत ते महिन्यांत सुधारू लागते. जी हळूहळू वाढत गेली, किंवा चार महिने झाले तरी हललीच नाही, तिला पॅरोटिडपासून मेंदूपर्यंत पूर्ण नस पाहिल्याशिवाय ते नाव देऊ नका.

आणि हेही ध्यानात ठेवा: नसेवरून रोग पसरलेल्या बऱ्याच जणांना काहीच त्रास होत नसतो. “काही नाही” असं उत्तर आलं म्हणून पाहणं सोडायचं नाही.

दुसरी पायरी: स्कॅन असा घ्या

हा भाग टेक्निशियन मंडळींसाठी. नेहमीचा मेंदूचा एमआरआय इथं चालत नाही, नेहमीचा मानेचाही नाही. दोन्ही मधोमध कापतात. आपल्याला कपाळापासून हनुवटीखालच्या हायॉइड हाडापर्यंत हवं, आणि मागं मेंदूचा पॉन्स पूर्ण हवा. स्लाइस ३ मिलिमीटर किंवा त्याहून बारीक, फिल्ड ऑफ व्ह्यू लहान.

पहिलं सिक्वेन्स, म्हणजे चित्रांची फेरी, साधं टी-१, फॅट सप्रेशन (चरबी काळी करणारी सोय) न लावता, अ‍ॅक्सियल (आडवे काप) आणि कोरोनल (समोरून उभे काप). घाई असली तरी हे गाळू नका. या लेखातलं निम्मं काम याच चित्रावर चालतं. मग टी-२. मग गॅडोलिनियम (शिरेतून द्यायचं कॉन्ट्रास्ट औषध), किलोला ०.१ मिलिमोल, आणि त्यानंतरचं टी-१ मात्र फॅट सप्रेशन लावून. कारण सरळ आहे: साध्या टी-१ वर चरबी पांढरी दिसते, औषध दिल्यावर गाठही पांढरी होते. पांढऱ्यात पांढरं शोधायचं म्हणजे दुधात खडीसाखर शोधण्यासारखं. चरबी काळी केली की गाठ उठून दिसते.

सायनसच्या हवेजवळ आणि दातातल्या धातूजवळ फॅट सप्रेशन बिघडतं, आणि नेमकं फोरामेन रोटंडमच्या (ट्रायजेमिनलच्या दुसऱ्या फांदीच्या छिद्राच्या) आसपास खोटी पांढरी चकाकी येते. मशिनवर डिक्सन (चरबी वेगळी काढण्याची दुसरी पद्धत) असेल तर ते वापरा, बराच त्रास वाचतो. निघणारी कवळी बाहेर ठेवायला लावा. क्रिएटिनिन आधी पाहा. ईजीएफआर (किडनी किती गाळते तो आकडा) ३० च्या खाली असेल तर नेफ्रॉलॉजिस्टशी आणि पाठवणाऱ्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय गॅडोलिनियम नको. स्कॅन चालू असताना गिळू नका, हे रुग्णाला मराठीत आणि समजेल असं सांगा. “स्टेडी राहा” म्हटलं की तो हात घट्ट धरतो आणि घोट गिळत राहतो.

तुमच्याकडे एमआरआय नाही, सीटीच आहे? मग सीटी नीट वाचा. सीटीवर चरबी काळी दिसते, आणि ती नाहीशी झालेली सॉफ्ट टिश्यू विंडोत दिसते. बोन विंडोत छिद्रं डावी-उजवी मोजा. पण हाडाचं छिद्र रुंद व्हायला रोग बराच जुना व्हावा लागतो, त्यामुळे सीटीवर छिद्र ठीक दिसलं म्हणून नस मोकळी आहे असं लिहू नका. पेट-सीटीवरही या कामासाठी फार विसंबता येत नाही. नस बारीक असते आणि शेजारी मेंदू स्वतःच दिलेली किरणोत्सारी साखर इतकी शोषून घेतो की तिची चमक झाकली जाते.

तिसरी पायरी: घाट ओळखा

कोकणातून देशावर यायचं तर सह्याद्री आडवा येतो, आणि चढायला घाट ठराविकच: आंबा, करूळ, फोंडा, आंबोली. चेहरा हे कोकण समजा, कवटीच्या आतला भाग म्हणजे देश, आणि मधला कवटीचा तळ म्हणजे सह्याद्रीची भिंत. या रोगाला भिंत फोडायची गरज पडत नाही. तो नसेचा घाट धरून वर येतो, आणि भिंत शाबूत दिसते म्हणूनच आपण फसतो.

घाटाच्या पायथ्याशी चरबी असते. नस छिद्रातून बाहेर पडते तिथं तिच्याभोवती चरबीची उशी असते. साध्या टी-१ वर पांढऱ्या ठिपक्यात बारीक करडा बिंदू. रोग आला की पांढरं पुसलं जातं. औषध देण्याआधी, गाठ दिसण्याआधी, छिद्र रुंद होण्याआधी. म्हणून मी शिकणाऱ्यांना सांगतो: गाठ शोधू नका, चरबी मोजा. सहा ठिकाणं, दोन्ही बाजू.

खालून सुरू करा. जबड्याच्या आतल्या अंगाचं मँडिब्युलर फोरामेन, जे माझ्याकडून सुटलं होतं. तिथून वर फोरामेन ओव्हेलच्या अगदी खाली, लॅटरल टेरिगॉइड स्नायूच्या आतल्या बाजूची चरबी. ही कोरोनलवर सर्वांत छान दिसते. मग गालाच्या हाडापुढची, इन्फ्राऑर्बिटल फोरामेनसमोरची चरबी. मग मॅक्सिलरी सायनसच्या मागची टेरिगोपॅलाटाइन फोसा. मग डोळ्याच्या खोबणीचं टोक. शेवटी कानामागच्या हाडाखालचं स्टायलोमास्टॉइड फोरामेन, चेहऱ्याची नस जिथून बाहेर येते. सवय झाली की दोन मिनिटांचं काम आहे.

यातल्या टेरिगोपॅलाटाइन फोसावर मी जास्त थांबतो, तुम्हीही थांबा. ती आपली तिकटी आहे, फक्त वाटा तीनापेक्षा पुष्कळ जास्त. खाली पॅलाटाइन कॅनालमधून टाळू, आत स्फिनोपॅलाटाइन फोरामेनमधून नाक, बाहेर चघळण्याच्या स्नायूंची जागा, पुढं-वर इन्फिरियर ऑर्बिटल फिशरमधून डोळा, मागं फोरामेन रोटंडममधून कॅव्हर्नस सायनस (कवटीच्या आतली शिरांची पोकळी), आणि रोटंडमच्या जरा खाली-आत व्हिडियन कॅनाल. टाळूवरची दोन सेंटिमीटरची गाठ या तिकटीवर आली की कुठंही जाऊ शकते. कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर २०२१ मध्ये म्युकरमायकोसिसचे रुग्ण आले तेव्हा आमच्यातल्या अनेकांनी ही जागा नव्यानं पाहायला शिकलं, कारण ती बुरशीही याच तिकटीवरून डोळ्यात आणि मेंदूकडे जायची. म्हणजे इथली चरबी गेली की कॅन्सर एवढंच मनात आणू नका. मधुमेह आहे का, नाकातून काळं काही येतं का, हेही विचारा.

चौथी पायरी: नस दोन्ही टोकांपर्यंत चाला

मूळ गाठ कुठं आहे त्यावर वाट ठरते. खालचा ओठ, हनुवटी, खालची हिरडी असेल तर मेंटल नस, जबड्यातला कॅनाल, मँडिब्युलर फोरामेन, फोरामेन ओव्हेल, मेकेल्स केव्ह. जिभेची बाजू किंवा तोंडाचा तळ असेल तर लिंग्वल नस, पुढं फोरामेन ओव्हेलपासून वाट तीच. गाल, वरचा ओठ, नाकाची बाजू असेल तर इन्फ्राऑर्बिटल नस, तिकटी, रोटंडम. कपाळ आणि वरची पापणी असेल तर सुप्राऑर्बिटल, डोळ्याच्या छतालगत मागं, सुपीरियर ऑर्बिटल फिशर. पॅरोटिड असेल तर फेशियल (चेहरा हलवणारी) नस, स्टायलोमास्टॉइड, कानामागच्या मास्टॉइड हाडातला उभा भाग, जेनिक्युलेट गँग्लियन (कानाच्या हाडातलं तिचं वळण).

हे पाठ करणं सोपं आहे. अवघड आहे ते आडवाटा लक्षात ठेवणं. पॅरोटिडमध्ये ऑरिक्युलोटेम्पोरल नस फेशियलला ट्रायजेमिनलच्या तिसऱ्या फांदीशी जोडते. म्हणजे पॅरोटिडची गाठ फोरामेन ओव्हेलमधून वर निघू शकते. दुसरी आडवाट व्हिडियन कॅनालची: तिकटीवरून मागं, मग ग्रेटर सुपरफिशियल पेट्रोसल नसेवरून थेट जेनिक्युलेट गँग्लियन. टाळूच्या गाठीनं तोंड वाकडं होतं ते या वाटेनं. म्हणून ट्रायजेमिनल आणि फेशियल या दोन्ही नसा प्रत्येक वेळी पूर्ण पाहायच्या, तक्रार एकीचीच असली तरी.

रोग बहुतेक वेळा मेंदूच्या दिशेनं चढतो. पण मेकेल्स केव्हमध्ये पोचला की दुसऱ्या फांदीवरून खालीही उतरतो. शिवाय मध्ये तुटक दिसतो: हनुवटीपाशी जाड नस, मग दोन सेंटिमीटर अगदी निरोगी वाटणारी, मग फोरामेन ओव्हेलमध्ये परत जाड. मधला भाग खरंच मोकळा असेल असं नाही, स्कॅनला तेवढं बारीक दिसत नाही इतकंच. पहिला मोकळा तुकडा दिसला की थांबणाऱ्याचा रिपोर्ट चुकतो.

औषध दिल्यानंतरच्या चित्रात नस जाड झालीय का, चमकतेय का पाहा. मेकेल्स केव्ह एरवी पाण्यानं भरलेली असते, टी-२ वर पांढरीशुभ्र. ती करडी पडली आणि औषधानं भरून चमकली तर रोग देशावर आला. कॅव्हर्नस सायनसची बाहेरची भिंत सरळ किंवा किंचित आत वळलेली हवी. फुगून बाहेर आली असेल तर तसं लिहा. तिथून मागं पॉन्समध्ये शिरणाऱ्या मुळापर्यंत पाहूनच थांबा.

स्नायूही बोलतात

हे थोडक्यात, पण विसरू नका. ट्रायजेमिनलच्या तिसऱ्या फांदीवर चघळण्याचे स्नायू, मायलोहायॉइड आणि डायगॅस्ट्रिकचा पुढचा भाग चालतो. नस गेली की पहिल्या काही आठवड्यांत-महिन्यांत हे स्नायू टी-२ वर पांढरे होतात, औषधानं चमकतात, कधी सुजतात. नवखे तिथं गाठच लिहून मोकळे होतात. वर्ष-दीड वर्षानं तेच स्नायू सुकून चरबीनं भरतात, टी-१ वर पांढरे. आजोबांची कानशील खोल गेली ती याच कारणानं. जिभेचा अर्धा भाग मागं घसरलेला आणि चरबीनं भरलेला दिसला तर बाराव्या नसेकडे, म्हणजे हायपोग्लॉसल कॅनालकडे जा. स्नायू बिघडलेला दिसला आणि नस दिसली नाही, तर नस परत शोधा.

कुठं फसाल

फेशियल नस काही भागांत निरोगी माणसातही चमकते: जेनिक्युलेट गँग्लियन, त्यापुढचा टिम्पॅनिक भाग आणि मास्टॉइडचा भाग, कारण तिथं तिच्याभोवती रक्तवाहिन्यांचं जाळं असतं. पण कानाच्या आतल्या कॅनालमध्ये, लॅबिरिंथाइन भागात किंवा पॅरोटिडमध्ये चमकली तर ते निरोगी नव्हे. फोरामेन ओव्हेलभोवतीही शिरांचं जाळं असतं. तिथं कडा चमकते आणि मधली नस काळी राहते. उलट नसच भरून चमकली तर संशय घ्या. डावं-उजवं ओव्हेल जन्मतः थोडं लहान-मोठं असू शकतं. चरबी शाबूत असेल तर घाबरू नका. एखाद्या बाजूचं टेरिगॉइड शिरांचं जाळं मोठं असतं, त्यालाही गाठ समजू नका. श्वानोमाही (नसेच्या आवरणाची साधी गाठ) नस जाड करतो, पण तो सहसा गोल, गुळगुळीत, एका जागी फुगलेला असतो, आणि त्या रुग्णाला कॅन्सरचा इतिहास नसतो. आधी ऑपरेशन किंवा रेडिएशन झालेलं असेल तर चरबी त्यानंही जाते. तारखा मागून घ्या.

रिपोर्टमध्ये काय लिहायचं

‘नसेवरून पसरल्याची शक्यता नाकारता येत नाही’ असं वाक्य लिहून सुटू नका. त्या वाक्यावर सर्जनला काही करता येत नाही, रेडिएशनवाल्यांनाही नाही. नसेचं नाव लिहा. बाजू लिहा. रोग सर्वांत वर कुठपर्यंत दिसतो ती जागा लिहा: फोरामेनच्या खाली, फोरामेनमध्ये, मेकेल्स केव्हमध्ये, की पॉन्सपाशी. ऑपरेशन करायचं की नाही, केलं तर हाड कुठपर्यंत काढायचं, रेडिएशनचं क्षेत्र कवटीच्या तळापर्यंत न्यायचं का, हे सगळं या एका जागेवर ठरतं. मोकळ्या असलेल्या जागाही नाव घेऊन लिहा. दातातल्या धातूमुळे एखादा भाग दिसलाच नसेल तर तो दिसला नाही असं स्पष्ट लिहा. न दिसलेल्या जागेला ‘नॉर्मल’ म्हणू नका. आणि फोरामेनमध्ये रोग दिसला तर रिपोर्ट टाइप होण्याची वाट न पाहता सर्जनला फोन करा.

बायोप्सीत नसेचा उल्लेख नसेल आणि तुम्हाला स्कॅनवर ती जाड दिसत असेल, तरी जे दिसतं ते लिहा. बायोप्सी गाठीचा एक तुकडा असतो, नसेचा पुढचा सगळा रस्ता त्यात नसतो.

नंतरची वर्षं

उपचार संपल्यावर साधारण तीन महिन्यांनी एक स्कॅन घेऊन ठेवा, पुढच्या सगळ्या तुलना त्याच्याशी होतात. अ‍ॅडिनॉइड सिस्टिकचा रुग्ण पाच वर्षांनी सुटला असं म्हणता येत नाही; दहा-पंधरा वर्षांनीही तो त्याच नसेवरून परत येतो. बाई म्हणते, “आता काय न्हाई डॉक्टर, बरी हाय,” आणि तरीही गालाला कापूस लावून बघायचा.

आणि जुन्या फिल्म मागा. माणसं त्या टाकत नाहीत. गडहिंग्लजहून, राधानगरीहून येताना कापडाच्या पिशवीत, ट्रंकेच्या तळाशी घडी पडलेल्या, सीडीवर ओरखडे असलेल्या, पण आणतात. नातवाला फोन करून मागवायला लावा, एसटीनं दुसऱ्या दिवशी येतात. आजचा मँडिब्युलर फोरामेन आणि सहा महिन्यांपूर्वीचा, दोन्ही एका पडद्यावर शेजारी लावा आणि तो पांढरा ठिपका दोन्हींत आहे का ते पाहा.